गाडीच्या वायरीला हात कुणी लावायचा?

हौशी : काका, गाडी कंपनीतून आली तशीच ठेवायची, असं तुम्ही म्हणता. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते आधी पूर्ण सांगू द्या. आपल्या अंतरवाली सराटीतला माणूस शोरूमला जातो तेव्हा त्याच्यापुढं एकाच गाडीची पाच-सहा मॉडेलं ठेवतात. सगळ्यात खालच्याला रिव्हर्स कॅमेरा नसतो, फॉग लॅम्प नसतो, स्क्रीन नसते. वरचं घ्यायचं तर लाख-दोन लाख जास्त. कापसाला यंदा काय भाव मिळाला ते तुम्हाला ठाऊक आहे. मग तो बेस मॉडेल उचलतो आणि जालन्याला किंवा संभाजीनगरला जाऊन एकेक वस्तू बाहेरून बसवतो. याला लोक चैन म्हणतात. रात्री वडीगोद्रीच्या हायवेवरून गावाकडं वळल्यावर पुढं काय असतं ते त्यांनी येऊन बघावं. कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रस्त्यात असतो, मागं एक लाल दिवा नसतो, आणि वरचा ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला असतो. रोही अचानक आडवा येतो. घरात कुणाला रात्री दोन वाजता अंबडला न्यायचं असलं तर सकाळची वाट बघता येत नाही.

आणखी एक. २९ ऑगस्ट २०२३ ला आपल्या गावात मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, तेव्हापासून या गावानं गाड्या किती पाहिल्या! २० जानेवारी २०२४ ला मनोज जरांगे पाटलांबरोबर लोक इथून मुंबईकडं निघाले, २७ ऑगस्ट २०२५ ला पुन्हा निघाले. ज्या गाडीत बसले त्याच गाडीत झोपले, तिच्याच उजेडात भाकरी खाल्ली, तिच्यावरच फोन चार्ज केले, तिच्यावरच भोंगा वाजवला. कंपनीनं दिलेल्या एका चार्जिंग सॉकेटवर हे सगळं झालं असतं का? गाडी इथं घर असते, दवाखाना असते, कधी व्यासपीठही असते. कंपनीनं ती शहरातल्या चार माणसांच्या कुटुंबासाठी बनवली, पण आपण ती आपल्या कामाला लावतो. त्यासाठी चार वायरी जोडल्या तर बिघडलं कुठं?

साशंक : गरजेवर माझा वाद नाही. तू सांगितलेलं सगळं खरं आहे, आणि शहरातल्या माणसाला ते कळत नाही हेही खरं. मला सांगायचंय ते त्या वायरीबद्दल. तू ज्याला वायर म्हणतोस ती आता पूर्वीची वायर राहिलेली नाही.

काळ्यापिवळ्या जीपच्या काळात मी वायरमनचं काम शिकलो. तेव्हा बॅटरीपासून निघालेली वायर फ्यूजमधून स्विचला जायची, स्विचमधून दिव्याला, दिव्यातून बॉडीला अर्थ. एका हातात टेस्ट लॅम्प धरायचा आणि वायरीत सुई टोचायची. दिवा पेटला की करंट आहे, नाही पेटला की नाही. डोळे मिटून सगळी गाडी समजायची. त्या गाडीला तू काहीही जोड, फार तर फ्यूज जाईल किंवा बॅटरी उतरेल. धक्का मारला की पुन्हा चालू.

आजच्या गाडीत हेडलाइटचा स्विच दिव्याला करंट देतच नाही. तो फक्त एका कंट्रोलरला सांगतो की ड्रायव्हरनं दिवा मागितला. दिवा द्यायचा की नाही, किती द्यायचा, हे तो कंट्रोलर ठरवतो. इंजिनाचा कंट्रोलर वेगळा, ब्रेकचा वेगळा, स्टीअरिंगचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, आणि हे सगळे एकमेकांत पिळलेल्या दोन बारीक वायरींवरून एकमेकांशी बोलतात. बॉशनं ही पद्धत १९८६ मध्ये जगासमोर मांडली, तिला कॅन म्हणतात. नव्वदच्या दशकात ती महागड्या जर्मन गाड्यांत होती, आज आपल्या दारातल्या हॅचबॅकमध्येही आहे. त्या दोन वायरींवर गाडी गप्प असताना अडीच-अडीच व्होल्ट असतात. निरोप जाताना एक साडेतीनवर चढते आणि दुसरी दीडवर उतरते, सेकंदाला लाखो वेळा. तिथं माझी टेस्ट लॅम्पची सुई टोचली तर काय होईल? तो दिवा करंट ओढतो, निरोप तुटतो, आणि डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम लागतात. ज्या सवयीवर मी पोट भरलं तीच सवय या गाडीत घातक आहे. माझ्या वयाचे निम्मे वायरमन अजून तीच सुई घेऊन फिरतात.

हौशी : म्हणजे गाडी हुशार झाली. मग हुशारीचा फायदाही सांगा ना! जुन्या जीपला जास्त लोड दिला तर वायर जळायची. आजचा कंट्रोलर जास्त करंट दिसला की तो मार्ग स्वतःच बंद करतो. आणि बसवणाराही पूर्वीचा राहिलेला नाही. आता चांगल्या दुकानात वायर कापतच नाहीत, कपलर टू कपलर बसवतात. कंपनीचा कपलर काढायचा, मध्ये आपला घालायचा, पुन्हा लावायचा. उद्या काढून टाकलं तर गाडी जशीच्या तशी. जिथं जास्त करंट लागतो तिथं रिले असतो. बॅटरीपासून थेट जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरला, ८७ मधून दिव्याला. गाडीच्या मूळ वायरीवर फक्त रिलेच्या कॉइलचा भार, तोही एक पंचमांश अँपिअरच्या आसपास. याच्यापेक्षा सुरक्षित काय असणार?

साशंक : रिलेची जोडणी तू बरोबर सांगितलीस. पण त्या रिलेला चालू हो म्हणून सांगणारी वायर कुठून घेतलीस? बहुतेक जण कंपनीच्या दिव्याच्या वायरीवरून घेतात. बऱ्याच नव्या गाड्यांत कंट्रोलर त्या दिव्याला सलग करंट देत नाही. सेकंदाला शे-दोनशे वेळा चालू-बंद करतो, आणि चालू किती वेळ ठेवायचं त्यावर उजेड कमी-जास्त करतो. डोळ्याला ते कळत नाही, पण रिलेला कळतं. तो खटखट करत राहतो, त्याचे पॉइंट जळतात, आणि कॉइल प्रत्येक वेळी बंद होताना उलटा झटका मागं कंट्रोलरकडं पाठवते. कॉइलवर डायोड असेल तर तो झटका तिथंच जिरतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त रिलेत डायोड असतो का, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

हुशारीची दुसरी बाजूही बघ. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, हे कंट्रोलरला पाठ असतं. तू तिथं एलईडी घातलास, तो पाव अँपिअरही ओढत नाही. कंट्रोलरला वाटतं बल्ब उडाला, म्हणून इंडिकेटर दुप्पट वेगानं टिकटिकतो. मग दुकानदार त्याला समांतर एक रेझिस्टर जोडतो, तो इतका तापतो की बंपरचं प्लास्टिक वितळतं. एक वस्तू बसवली, तिनं दुसरी मागितली, दुसरीनं तिसरी. अँड्रॉइड स्क्रीनबरोबर एक छोटा डबा येतो, स्टीअरिंगवरची बटणं चालावीत म्हणून. तो त्या दोन निरोपाच्या वायरींवर बसतो. तो बिघडला आणि अखंड बडबडत राहिला तर ब्रेकचा कंट्रोलर इंजिनाला काही सांगू शकत नाही. तुझा कपलर टू कपलरच होता, वायर कुठं कापली नव्हती.

एका गाडीचं सांगतो, कारण ती मी स्वतः उघडली. पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवलं की ते एकदम जड व्हायचं आणि पिवळा दिवा लागायचा. चालत्या गाडीत काही नाही. स्कॅनर लावला की एकच उत्तर, स्टीअरिंगला व्होल्टेज कमी. म्हणून मालकानं नवी बॅटरी घातली. फरक नाही. मग त्याला स्टीअरिंगचा कॉलम बदलायला सांगितलं, आकडा ऐकून तो माझ्याकडं आला. मी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी स्टीअरिंगच्या अर्थच्या लगला, आणि त्याला स्टीअरिंग वळवायला सांगितलं. तिथं शून्याच्या आसपास यायला हवं, चार व्होल्ट आले. बोनेटमध्ये त्या बोल्टखाली तीन लग होते. एक कंपनीचा, एक एलईडी बारचा, एक अ‍ॅम्प्लिफायरचा. बसवणाऱ्यानं आपले दोन्ही लग कंपनीच्या लगच्या खाली, बॉडीला चिकटवून घातले होते, आणि बॉडीवरचा रंग खरवडलाही नव्हता. स्टीअरिंगची मोटर जागेवर वळताना पन्नास-साठ अँपिअर ओढते. तेवढा करंट रंगाच्या पापुद्र्यातून जायचा. मी तिन्ही लग काढले, जागा पॉलिश पेपरनं चकचकीत केली, कंपनीचा लग एकटा लावला, बाकी दोघांना वेगळी जागा दिली. काम पंधरा मिनिटांचं. त्या पंधरा मिनिटांच्या चुकीपायी मालकाला आधी नवी बॅटरी घ्यावी लागली होती.

हौशी : पण काका, तुम्हीच सांगितलंत की चूक लगची होती. दिव्याची नव्हती, अ‍ॅम्प्लिफायरचीही नव्हती. हात कच्चा होता. ज्यानं रंग खरवडला नाही त्याच्यासाठी सगळ्या गावाला दिवा बंद का?

साशंक : कारण तो हात कच्चा आहे हे मालकाला बसवताना कळत नाही. कळतं ते सहा महिन्यांनी, आणि तेव्हाही दुसऱ्याच जागी. दिव्याची जोडणी चुकली तर दिवा पेटत नाही, असं असतं तर मी काही बोललो नसतो. इथं दिवा झकास पेटतो आणि स्टीअरिंग मरतं. मधला संबंध मालकाला दिसत नाही, गॅरेजवाल्यालाही दिसत नाही. महावितरणच्या लाइनवर आकडा टाकला की टाकणाऱ्याच्या घरात उजेड पडतो आणि डीपीवरच्या दुसऱ्याच शेतकऱ्याची मोटर जळते, तसं हे आहे.

उष्णतेचंही घे. हेडलाइटचा मूळ बल्ब ६० वॅटचा, पाच अँपिअरचा. त्या जागी १०० वॅटचा घातला की सव्वाआठ अँपिअर. करंट दीडपटीच्या थोडा वर गेला, असं वाटतं. पण वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. तीच वायर, तोच कपलर. मग फ्यूज उडतो. उडाला की दहाचा लाल काढून वीसचा पिवळा घालायचा. फ्यूज हा वस्तूला वाचवायला नसतो, तो वायरीला वाचवायला असतो. वीसचा घातला म्हणजे आता वायर फ्यूजच्या आधी जळणार. वर आपल्याकडचं ऊन. एप्रिल-मे महिन्यात बोनेटखाली काळ्या टेपचा डिंक पातळ होतो, टेप उलगडते आणि पिळून जोडलेलं उघडं टोक कशाला तरी टेकतं. पावसाळ्यात उंदीर उबेला इंजिनात शिरतात. कंपनीच्या वायरीवर निदान नळी असते, तुझ्या वायरीवर तीही नाही.

हौशी : फ्यूज बदलणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. तो गुन्हाच आहे. पण मला तुमच्या बोलण्यात एक गोष्ट टोचते. प्रत्येक उदाहरणात वस्तू बसवणारा अडाणी आहे. मी माझ्या गाडीत डॅशकॅम बसवला. अपघातात खरं-खोटं ठरवायला त्याच्यासारखा साक्षीदार नाही. माहिती काढून, मोजून बसवला.

साशंक : गाडी उभी असतानाही चालतो का तो?

हौशी : चालतो. त्यासाठीच तर थेट वायर दिली.

साशंक : मग मोजलेलं पुन्हा मोजू. तो उभ्या गाडीत साधारण ०.३ अँपिअर घेतो. दिवसाचे ७.२ अँपिअर-अवर. तुझी बॅटरी ३५ ची. लग्नाला म्हणून तीन दिवस गाडी घरी ठेवलीस तर साडेएकवीसच्या वर गेले, आणि सेल्फ मारायला जोर लागतो तो उरलेला नाही. बंद गाडीनं एकूण ०.०५ अँपिअरच्या वर घेऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे. तू एकट्या डॅशकॅमला त्याच्या सहापट देतोस.

हौशी : माझ्या यंत्रात व्होल्टेज कटऑफ आहे. बॅटरी १२.२ वर आली की ते स्वतः बंद होतं. मी ते तपासलंय, मीटर लावून. तुम्ही सांगता तो हिशोब कटऑफ नसलेल्या यंत्राचा. आणि अर्थ मी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला दिला नाही, बॉडीला दिला, कारण माझ्या गाडीत त्या टोकावर सेन्सर आहे. तो जाणारा-येणारा करंट मोजतो. टोकावरच अर्थ दिला तर माझा करंट त्याच्या हिशोबाबाहेर राहतो, त्याला वाटतं बॅटरी भरलेली आहे, आणि अल्टरनेटर चार्जिंग कमी करतो. हे मला गॅरेजनं सांगितलं नाही. मी चार ठिकाणी विचारून, वाचून शोधलं.

साशंक : हे तू बरोबर केलंस. मला माहीत असलेल्या दहांतल्या नऊ गाड्यांत अर्थ थेट त्या टोकावर असतो.

हौशी : मग आता माझा खरा मुद्दा ऐका. हे मला शोधावं का लागलं? गाडी माझी, तिचा वायरिंगचा नकाशा मला का मिळत नाही? कुठल्या बोल्टला कुठला अर्थ आहे, कुठल्या वायरीवर निरोप आहे आणि कुठल्यावर साधा करंट, हे कागदावर आहे. ते कंपनीकडं आहे, अधिकृत गॅरेजकडं आहे. अंबडच्या वायरमनकडं नाही, तुमच्याकडंही नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला तो यासाठीच. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. पुढं प्रकरण वरच्या न्यायाधिकरणांत आणि कोर्टांत गेलं. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात मोटारगाड्या धरल्या आहेत. पण आपल्या चौकातल्या माणसाच्या हातात काय आलं? एक चिनी स्कॅनर आणि अंदाज. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा. या भागातली पोरं तिथं लाइनवर गाड्या जोडतात. तीच गाडी गावात आली की तिच्या आत काय आहे हे कुणाला माहीत असू नये, असा कारभार आहे. तुम्ही कच्च्या हाताला दोष देता. तो हात कच्चा ठेवलाय कुणी?

साशंक : यावर मी तुझ्या बाजूनं आहे, आणि नुसता तोंडदेखला नाही. मी तीस रंगांच्या वायरी हातात धरून तासन् तास अंदाज केलेत. नकाशा असता तर त्यातलं बरंच वाचलं असतं. कंपनी म्हणते बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली, आणि हात कसा लावायचा हेही सांगत नाही. हा अन्याय आहे.

पण या अन्यायाची भरपाई कुणाच्या अंगावर टाकायची? काचेच्या बाजूच्या खांबात, जिथून तू डॅशकॅमची वायर खाली आणलीस, तिथं नव्या गाड्यांत पडद्याची एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. वायर तिच्या मागून गेली तर ठीक. पुढून गेली तर धडकेच्या वेळी एअरबॅग त्या वायरीला घेऊन उघडेल. सीटखालचे पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. खाली मॅट टाकायला सीट उचलणारा पोरगा ते ओढून काढतो, इग्निशन चालू असेल तर दिवा लागतो आणि कपलर परत लावला तरी जात नाही. मग तो दिवा विझवायचे दोन मार्ग, स्कॅनरनं नीट तपासणं किंवा बल्बच काढणं. दुसरा मी पाहिलाय. त्या गाडीत मागं कोण बसतं? तुझी आई बसते. ती म्हणाली होती का मला स्क्रीन हवी?

पुढं ती गाडी विकली जाते. घेणाऱ्याला चकचकीत बॉडी दिसते, डॅशबोर्डमागचा गुंता दिसत नाही. समोरून मोटरसायकलवर येणाऱ्याच्या डोळ्यांत तुझा एलईडी बार जातो, तो खड्ड्यात जातो, आणि तू पुढं निघून गेलेला असतोस. यासाठीच मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळं होईल असा बदल करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

हौशी : कायदा म्हणाल तर त्याच कायद्यानं १ जानेवारी २०१९ पासून नव्या टॅक्सी-बसना ट्रॅकिंग यंत्र आणि पॅनिक बटण बसवायला लावलं. ते कुठून करंट घेतं? गाडीच्याच वायरीतून. कुणीतरी हातानंच जोडतो. म्हणजे वायर जोडणं हे मुळात पाप नाही. सरकारला हवी ती वायर चालते, मला हवी ती चालत नाही.

साशंक : त्या यंत्राला मानक आहे, एआयएस-१४०. यंत्र तपासणी करून पास झालेलं असतं, कुणी बसवलं याची नोंद असते, आणि काही झालं तर विचारायला माणूस असतो. तुझ्या एलईडी बारच्या मागं कोण उभं आहे? डब्यावर ३०० वॅट लिहिलंय, मीटर लावला तर साठही ओढत नाही. ज्या वस्तूचा आकडाच खोटा, तिला किती जाड वायर द्यायची हे वायरमननं कशावरून ठरवायचं?

उसाच्या ट्रॅक्टरवरचा टेप बघ. ट्रॅक्टरचा अल्टरनेटर पस्तीस-चाळीस अँपिअरचा. वर बसवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला खरोखर पाचशे वॅट बाहेर काढायचे तर एकट्याला चाळीसच्या वर लागतात. म्हणजे गाणं लागलं की बॅटरी उतरायला लागते, आणि ड्रायव्हर पहिली कुठली गोष्ट बंद करतो? मागचा दिवा. गाणं नाही. तू मघाशी ज्या ट्रॉलीला घाबरलास, तिच्या अंधाराचं एक कारण हेही आहे.

हौशी : त्या ड्रायव्हरला रात्रभर जागायचं असतं, काका. ऊसतोड्याच्या कोपीतून पहाटे निघून कारखान्याच्या रांगेत बारा-बारा तास उभं राहायचं असतं. गाणं त्याला जागं ठेवतं. त्यानं झोपावं असं तुमचं म्हणणं नसेल.

साशंक : नाही. ते माझं म्हणणं नाही. हे मी इतकं सरळ बोलायला नको होतं.

हौशी : मला इथंच यायचं होतं. तुम्ही वायरीकडून बघता, मी रस्त्याकडून. वायरीकडून बघितलं तर प्रत्येक जोड ही जोखीम. रस्त्याकडून बघितलं तर न जोडणं हीसुद्धा जोखीमच, फक्त तिचा फॉल्ट कोड स्कॅनरवर येत नाही. अंधारात ट्रॉलीवर जाऊन आदळलेल्या गाडीचं वायरिंग एकदम कंपनीचं असतं.

साशंक : मान्य. पण तू दिवा लावण्याआधी मी तीन गोष्टी करीन. एक, आहे त्या हेडलाइटची काच. चार वर्षांत ती पिवळी पडते, पॉलिश केली की उजेड वाढतो. दोन, दिव्याचा रोख. मागं चार पोती टाकली की तोंड वर होतं आणि उजेड झाडावर जातो. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर त्याचं चाक असतं, कुणी वापरत नाही. तीन, बल्बच्या कपलरला खरोखर किती व्होल्ट पोहोचतात ते मोजायचं. बॅटरीवर चौदा आणि बल्बवर साडेबारा असतील तर नवा बल्ब कशाला, जुना कपलर साफ कर. या तिन्हींत एकही वायर वाढत नाही.

हौशी : हे मी करीन, आणि गावात चार जणांना सांगीन. पण धुक्यातल्या दिव्याचं काम हेडलाइट करत नाही. डिसेंबरात गोदावरीच्या बाजूला शहागडकडं जाताना पहाटे काय असतं ते तुम्ही जाणता. आणि माझ्या बेस मॉडेलची गंमत सांगतो, म्हणजे गंमत नाही, संतापच येतो. मी पुढचा बंपर उतरवला. फॉग लॅम्पचा कपलर आत आहे! वायर आलेली आहे, टोकाला टेप गुंडाळून बांधून ठेवलेली आहे. कंपनीनं सगळ्या मॉडेलांना एकच हार्नेस घातला, दिवा तेवढा काढून घेतला. मी कंपनीचाच दिवा आणला, कंपनीच्याच कपलरला लावला. पेटत नाही. कंट्रोलरमध्ये ते चालू करावं लागतं, आणि अधिकृत गॅरेज म्हणतं तुमच्या गाडीच्या नंबरवर ते नाही. वायर माझ्या गाडीत, पैसे मी दिलेले. मग ती वायर कुणाची?

साशंक : तुझी. याच्यावर मी वाद घालणार नाही. आणि या एका दिव्याबद्दल माझं मत बदललंय, तेही सांगतो. वायर कंपनीची आहे, जाडी बरोबर आहे, फ्यूज बरोबर आहे, दिव्याला मानक आहे. इथं माझ्या सगळ्या शंका संपतात आणि उरतं ते कुलूप. ते कुलूप सुरक्षेसाठी लावलेलं नाही, किमतीसाठी लावलंय.

पण तू आता काय करशील ते मला ठाऊक आहे. जालन्यात लॅपटॉप लावून कुणीतरी दोन हजारांत ते चालू करून देईल. तो फाईल कुठून आणतो? दुसऱ्या गाडीतून काढलेली, कुणीतरी कुणाला पाठवलेली. तो तुझ्या कंट्रोलरमध्ये फॉग लॅम्पचा एक आकडा बदलतो की पूर्ण फाईल ओततो, हे तुला दिसणार नाही. त्याच कंट्रोलरमध्ये दारांची कुलपं आहेत, इंडिकेटर आहेत, चावीची ओळख आहे. पूर्वी मी वायर कापायचो तेव्हा कापलेली जागा तरी दिसायची. यात टेपही दिसणार नाही.

हौशी : म्हणजे कपलर वापरावा तर कंट्रोलर उघडावा लागतो. कंट्रोलर नको म्हणावं तर पुन्हा वेगळी वायर, वेगळा स्विच, रिले. तुम्ही दोन्हीला नाही म्हणता.

साशंक : दोन्हीला भितो. निवडच करायची तर आज मी वेगळा स्विच निवडीन. कंट्रोलरला न विचारता, बॅटरीपासून फ्यूज घालून, डायोडवाला रिले, अर्थ स्वतंत्र जागी. कंपनीचा दिवा, बाजारातला बार नाही. आणि कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवीन की कुठून काय घेतलंय, फ्यूज कुठं आहे, कितीचा आहे. पुढच्या वायरमनला, पुढच्या मालकाला ते लागेल.

हौशी : म्हणजे कंपनीची तयार वायर आत असताना तिच्या शेजारून दुसरी ओढायची.

साशंक : हो. आणि ते चूक आहे हे मला दिसतंय. कायद्यानं विचारलं तर तुझी ही वायर कदाचित बदलात धरतील, आणि ती आतली, न पेटणारी वायर मूळ रचनेत.

हौशी : मग मी आधी लेखी मागतो. कंपनीकडं अर्ज करतो की हा दिवा माझ्या गाडीत चालू करून द्या, पैसे घ्या, किंवा नाही म्हणायचं कारण लेखी द्या. ते आलं की ग्राहक आयोगाकडं जाता येईल. तुम्ही वायरमन म्हणून सही कराल?

साशंक : करीन. हार्नेस सारखाच आहे, हे मी पाहून लिहून देईन. पण त्या उत्तराला किती महिने लागतील?

हौशी : माहीत नाही. आणि धुकं डिसेंबरात येतं. तोवर मी तुमच्या हातानं रिले लावून घेणार, तुम्ही लावून दिलात तर.

साशंक : मीटर घेऊन ये आधी. तुझ्या गाडीचा अर्थ कुठं कुठं आहे ते बघू. लावायचं की नाही ते त्यानंतर बोलू.